झाकणावरचं गोड बोला

मागच्या रविवारी काकूंकडे गेले होते. सहकारनगरमधलं त्यांचं घर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. जिना चढताना पिशवीचा बंद बाहीत अडकला आणि बटण तुटून टपटपत खाली गेलं. "अशी लोंबती बाही घेऊन जाणारेस का पुढे? थांब, लावून देते," म्हणत काकूंनी शिवणाच्या मशीनचा खण ओढला आणि आतून एक काळा खोका काढला. मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. पाहताक्षणी ओळखला. कोपरे घासून पांढरे पडलेले, लॅमिनेशनला एका कडेने पापुद्रा सुटलेला, आणि झाकणावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत चार शब्द: तिळगूळ घ्या, गोड बोला. चारही डोक्यावर उभे. काकूंचं तिकडे लक्षसुद्धा नव्हतं. इतक्या वर्षांत त्या खोक्यात त्यांनी बटणं ठेवली, हुक ठेवले, देवाच्या वस्त्राची जर ठेवली. त्यांच्या लेखी ते अक्षर आता अक्षर राहिलेलं नाही. माझ्या पोटात मात्र जिना उतरताना एक पायरी चुकावी तसं झालं.

मी काय काम करते हे घरच्यांना वीस वर्षांत नीट कळलेलं नाही. लग्नकार्यात कोणी विचारलं की आई सांगते, "कॉम्प्युटरवर खोक्यांचं काहीतरी करते." खरं तर हे उत्तर बरंच अचूक आहे. खोक्याचं चित्र दुसरं कुणीतरी काढतं, छापतं तिसरं कुणीतरी. मधल्या गल्लीत मी. चित्र पडद्यावर असतं, सपाट, दिव्यासारखं उजळ; त्याचं छापता, कापता, दुमडता आणि चिकटवता येईल असं काहीतरी करून ते प्रेसला द्यायचं. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे, छापायचे शाईचे, म्हणून सगळं सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या हिशेबात, आणायचं. फोटो खऱ्या मापाला 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके, आहेत का बघायचं. कापताना पातं केसभर इकडेतिकडे होतंच, म्हणून रंग कापायच्या रेषेबाहेर 3 मिलिमीटर वाढवून ठेवायचा. खोक्याचा उलगडलेला आराखडा, ज्याला आमच्यात केएलडी म्हणतात, तो वेगळ्या रंगात वेगळ्या लेयरवर ठेवायचा, नाहीतर कापायची रेघच छापून येते. आणि गोंद लागणाऱ्या पट्टीवर शाईही नको नि लॅमिनेशनही नको, नाहीतर खोका चिकटल्याचं नाटक करतो आणि दुकानाच्या फळीवर रात्रीतून उलगडतो. कौतुकाचं काम नाही हे. नीट झालं तर कोणाला दिसत नाही.

हा खोका मी केला तेव्हा काकू संक्रांतीच्या वड्या करून विकायला लागल्या होत्या. आधी सोसायटीत, मग भिशीत, मग लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानदाराने पाव किलोचे खोके मागितले आणि त्यांच्या अंगात बळ आलं. "अगं, पिवळाधमक नको हं, सगळ्यांचे तसलेच असतात," त्या म्हणाल्या. "मला चंद्रकळेसारखा काळा हवा. आणि त्यावर हलवा." बस, एवढंच. इतकी नेमकी कल्पना मला कुठल्या जाहिरातवाल्याकडूनही कधी मिळालेली नाही. काळी चंद्रकळा आणि तिच्यावर पांढरे, काटेरी, एकही दुसऱ्यासारखा नसलेला असे हलव्याचे दाणे. मी त्यांच्याकडूनच वाटीभर हलवा आणला, खिडकीतल्या उन्हात काळ्या कापडावर पसरून फोटो काढले आणि सबंध दुपार एकेका दाण्याची कड साफ करण्यात घालवली. निम्मा हलवा त्या दुपारीच संपला, तो भाग वेगळा.

काळा रंग सोपा वाटतो. नसतो. शाईच्या हिशेबात नुसता काळा शंभर टक्के टाकला तर बोर्डावर तो विझलेल्या कोळशासारखा करडा उतरतो. चंद्रकळेचा काळा हवा तर त्याच्या पोटात थोडा निळा, थोडा गुलाबी, थोडा पिवळा घालावा लागतो. मी 60, 40, 40 आणि वर काळा 100 असं धरलं होतं. हौसेने चारही शंभर केले तर शाईचा चिखल होतो, वाळत नाही, आणि थप्पीतल्या वरच्या शीटच्या पाठीला लागतो. बरं, काळा एकदा असा चार शायांचा झाला की त्यातून पांढरा दाणा कोरून ठेवणं आलं. छापताना प्रत्येक शाईची वेगळी प्लेट असते; चारही प्लेटा तंतोतंत एकावर एक बसल्या तरच तो दाणा पांढरा. एखादी पाव मिलिमीटर सरकली की दाण्याला एका बाजूने निळी किनार. म्हणून प्रत्येक दाण्याभोवती बाकीचे तीन रंग किंचित मागे ओढून ठेवले, कडेला फक्त काळा. आठशेच्या वर दाणे होते. ते काम मी रेडिओ लावून केलं आणि मला ते अतिशय आवडलं होतं, हेही कबूल करायला हवं.

प्रेस नारायण पेठेत, पत्र्या मारुतीपासून दोन मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर. बाहेर सायकली, आत मशीन. दारातून आत शिरलं की आधी वास यायचा: शाईचा, रोलर धुवायच्या रॉकेलचा आणि ओलसर कागदाचा. मग मशीनचा तो आवाज, कागद ओठांनी उचलल्यासारखा फस्स, आणि मागोमाग ठाप. मालकांना सगळे अण्णा म्हणत. चष्मा कपाळावर, भिंग खिशात. शीट आली की ते भिंग रंगपट्टीवर ठेवून त्यावर वाकायचे, आणि त्या वेळी कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. कधी मूड असला तर चित्रशाळेच्या गोष्टी सांगायचे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1878 मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली, देवादिकांची रंगीत चित्रं दगडावरून छापली, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. "दगड उचलून दगडावर नेम साधायचे लोक," अण्णा म्हणायचे, "आणि तुमच्या पोरांना प्लेट हलली म्हणून रडायला येतं." तुमची पोरं म्हणजे आम्ही, कॉम्प्युटरवाले.

अक्षरांचं प्रकरण वेगळंच. मी कामाला लागले तेव्हा सगळं श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये चालायचं, ते पुण्यातच तयार झालेलं. फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली आणि तिथे तो फाँट नसला की मराठीच्या जागी डॉलर, कंस आणि टोप्या घातलेली ए-बी-सी-डी. म्हणून प्रेसला देताना अक्षरांचे कर्व्ह करायचे, म्हणजे अक्षर अक्षर न राहता नुसता आकार होतो. मग ते बिघडत नाही. पण चूक राहिली असेल तर सुधारताही येत नाही. पुढे युनिकोड आलं आणि नवीनच गंमत. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची ती एक खूण करायची राहिली की पहिली वेलांटी आपल्या अक्षराच्या आधी उभी राहण्याऐवजी मागे जाते. काकूंच्या खोक्यावर पहिल्या कच्च्या प्रतीत असंच झालं. त ची वेलांटी त ला सोडून ळ च्या डोक्यावर जाऊन बसली आणि तिळगूळचा तळिगूळ झाला. काकूंनी ते पकडलं. मग त्यांच्या यजमानांनी ल आणि श हिंदी वळणाचे आहेत म्हणून हरकत घेतली, ती रास्त होती, मी मराठी वळणाचे घेतले. मग शेजारच्या निवृत्त बाईंनी गू दीर्घ आहे ना याची खात्री करून घेतली. मग त्यांच्या भाच्याने, तो भाषेचा प्राध्यापक, फोन करून पुन्हा तेच विचारलं. गू दीर्घच होता. अख्ख्या पुण्याने तो ऊकार तपासला म्हणा ना. अक्षरं कुठल्या बाजूने वाचायची आहेत, हे मात्र कोणी तपासलं नाही.

म्हणजे तपासलं होतं. मीच.

झालं असं. उभ्या खोक्याच्या चार भिंती आराखड्यात शेजारी शेजारी येतात: समोरची, बाजूची, मागची, बाजूची. झाकण मागच्या भिंतीच्या वरच्या कडेला जोडलेलं. खोका बंद होतो तेव्हा हे झाकण मागून पुढे पडतं, आणि समोरून बघणाऱ्याला त्यावरचं वाचता यायला हवं तर सपाट आराखड्यात ते उलटंच लावावं लागतं. हे पहिल्या वर्षात शिकतात. मी तसंच लावलं होतं. पण काकूंना मंजुरीसाठी पाठवलं ते काय? उलगडलेल्या खोक्याचं चित्र, व्हॉट्सॲपवर. बरकोडचा त्यांचा एक आग्रह मी नुकताच मोडून काढला होता. त्यांना तो काळ्याऐवजी कुंकवाच्या रंगाचा हवा होता. दुकानातल्या मशीनचा उजेड लाल असतो, त्याला लाल रेघा दिसतच नाहीत, हे मी त्यांना दोनदा समजावलं होतं. 890 ने सुरू होणारा तो आकडा शेवटी पांढऱ्या चौकोनात काळा बसला. हिरव्या ठिपक्यावरूनही झालं होतं: "तिळगूळ शाकाहारी आहे हे सांगावं लागतं का गं?" सांगावं लागतं, आणि काळ्यावर तो उठून दिसायला हवा म्हणून त्यालाही पांढरी पाठ द्यावी लागते. त्यामुळे त्या रात्री, अकरा वाजून गेल्यावर, मेसेज आला: "बाकी सगळं छान. फक्त झाकणावरचं उलटं आलंय, ते सरळ कर." तेव्हा माझ्यात तिसऱ्यांदा समजावण्याचं त्राण नव्हतं. त्याच रात्री एका औषधाच्या पुडक्याची फाइल जायची होती. मी झाकण निवडलं, 180 टाइप केलं, एंटर मारलं. पडद्यावर सगळं कसं सरळ, सुंदर दिसलं. मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. हाताला कळत होतं, डोळ्याला कळत होतं. मी फक्त ऐकलं. आज्ञाधारकपणाला आपल्याकडे गुण मानतात, तो माझ्यात अधूनमधून नको तिथे उफाळतो.

सकाळी अण्णांचा फोन. मागे मशीन चालू. "ताई, झाकण बघितलं का? कालच्या फाइलला फिरवलेलं होतं."

"क्लायंटनं सांगितलंय. लावा प्लेट."

अण्णा क्षणभर गप्प राहिले. मशीनचा आवाज तेवढा येत राहिला. "बरं," म्हणाले.

पुढचं सगळं उत्तम झालं, हेच तर. 300 जीएसएमचा बोर्ड, एका शीटवर चार खोके, काळा असा की बोट लावलं तर बुडेल. मी मशीनवर उभी होते; पहिल्या शंभरेक शीटा जुळवण्यात गेल्या आणि मग हलवा एकदम स्वच्छ उगवला, एकाही दाण्याला किनार नाही. अण्णांनी भिंग माझ्या हातात दिलं, हे ते सहसा करत नसत. काळा दुमडीवर तडकतो म्हणून वर मॅट लॅमिनेशन केलं. पंचिंगला दोन गल्ल्या पलीकडे. लाकडी फळीत बसवलेल्या पोलादी पट्ट्या, कापणाऱ्या 23.8 मिलिमीटर उंच आणि दुमड दाबणाऱ्या त्याहून जराशा बुटक्या. मशीनचा जबडा मिटला की एकाच दाबात खोका शीटमधून सुटतो. पेस्टिंगच्या बायकांनी दोन दिवसांत 1500 खोके चिकटवून, पुन्हा सपाट करून, पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधून दिले. म्हणजे इथपर्यंत कोणीच तो खोका उभा केलेला नव्हता. माणसाच्या हातात जशी वस्तू असते तशी ती कोणाच्याच हातात आलेली नव्हती, माझ्याही नाही.

ती आली काकूंच्या स्वयंपाकघरात, संक्रांतीच्या चार दिवस आधी. गुळाचा पाक उकळत होता, खिडक्या बंद, वेलचीचा वास केसात बसलेला, ओट्यावर तूप लावलेल्या ताटांत वड्या थापलेल्या. मी मुद्दाम गेले होते, कौतुक करून घ्यायला. काकूंच्या मदतनीस मावशींनी पहिला खोका उभा केला, तळ अडकवला, आत बटर पेपर, त्यावर वड्या, झाकण लावलं आणि हात पुसून दोन पावलं मागे सरून बघितलं. "वैनी, हे असं का हो?" त्यांनी खोका फिरवला. आता झाकण सरळ झालं, पण समोर खोक्याची पाठ आली: बरकोड, किंमत, वजन, पत्ता. पुन्हा फिरवला. आता काकूंचं नाव समोर, आणि झाकण डोक्यावर. चार-पाच वेळा त्या खोका गोल गोल फिरवत राहिल्या, जणू एखादी बाजू आपल्या नजरेतून सुटलीय.

काकूंनी झारा खाली ठेवला. बघितलं. आणि म्हणाल्या, "बघितलंस? प्रेसवाल्यानं उलटं छापलं."

मी म्हटलं, "हं."

एवढंच. एक अक्षर, त्यावर एक टिंब. यापेक्षा कमी बोलून इतकं खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते आणि नंतरही नाही. पुन्हा छापायला वेळ नव्हता, पैसेही नव्हते. वड्या त्याच खोक्यांतून गेल्या, आणि खरं सांगायचं तर गिऱ्हाइकांपैकी कोणी चकार शब्द काढला नाही. अण्णा बिलाचे पैसे घ्यायला आले तेव्हा योगायोगाने मी तिथे होते. काकूंनी दीड हजार कापून पाकीट दिलं आणि का कापले तेही सांगितलं. अण्णांच्या फोनमध्ये माझा नंबर होता, कॉम्प्युटरवर माझ्या दोन्ही फाइली होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, भिंगातून रंगपट्टी बघतात तसं. "होतं कधीकधी," ते काकूंना म्हणाले आणि चपला घालू लागले. मी माझं बिल काकूंना पाठवलंच नाही, आणि त्यालाच कितीतरी दिवस प्रायश्चित्त समजत राहिले. ते ज्याला पोचायला हवं होतं त्याला त्यातला एक रुपया पोचला नाही, हा हिशेब फार उशिरा सुचला. पुढे अण्णांबरोबर पन्नास तरी कामं केली. तो विषय एकदाही निघाला नाही. आता प्रेस बंद आहे, वाडा पडला, तिथे खाली पार्किंग आणि वर फ्लॅट. अण्णांना जाऊन चार वर्षं होतील.

तेव्हापासून मी डमी केल्याशिवाय फाइल सोडत नाही. घरच्या साध्या प्रिंटरवर, लागल्यास दोन तुकड्यांत छापायची, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर चिकटवायची, कात्रीने कापायची, न चालणाऱ्या बॉलपेनने दुमडी ओढायच्या आणि खोका उभा करून जेवणाच्या टेबलावर ठेवायचा. मग येता-जाता त्याच्याकडे बघायचं. झाकण उघडायचं, लावायचं. मुलगी म्हणते, आई खोक्यांशी भातुकली खेळते. हल्लीची मुलं पडद्यावरच खोका गरगर फिरवून दाखवतात, सावलीसकट, फार देखणा दिसतो तो. मी बघते, छान म्हणते आणि कात्री काढते. गिऱ्हाइकाला उलगडलेला आराखडा तर कधीच पाठवत नाही, उभ्या डमीचे फोटो पाठवते. यात शहाणपण किती आणि भीती किती, मला सांगता येणार नाही.

तर परवा. काकू सुईत दोरा ओवत होत्या. वय झालंय, दोन-तीनदा हुकला. मी टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीत बसले आणि माझ्याही नकळत बोलून गेले, "काकू, ते खोके अण्णांनी नव्हते उलटे छापले. फाइल मीच फिरवली होती. तुमचा मेसेज आल्यावर. अण्णांनी विचारलंही होतं."

काकूंच्या दातात दोऱ्याचं टोक होतं. नजर सुईच्या भोकावर. "हं," त्या म्हणाल्या.

ओवला एकदाचा. मग त्यांनी तो काळा खोका, होता तसा, झाकण लावलेलाच, टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "बघ तुझ्या बाहीला कुठलं जुळतंय ते. घे."

खोका माझ्यापुढे येऊन थांबला. समोरची बाजू त्यांच्याकडे, पाठ माझ्याकडे. खाली पांढऱ्या चौकोनातला बरकोड, हिरवा ठिपका, आणि वर, माझ्या बाजूने अगदी सरळ, तिळगूळ घ्या, गोड बोला. दीर्घ गू, मराठी ल. मी ते दोनदा वाचलं. मग झाकण उघडलं. मला चार भोकांचं बटण हवं होतं. आत सगळी दोन भोकांची होती.